शिखरजीची उतरण

वऱ्हाडातून सम्मेद शिखरजीला निघणाऱ्या मंडळींची तयारी बहुधा डब्यांपासून सुरू होते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भाजक्या पोह्यांचा चिवडा, पूजेचे अष्टद्रव्य, पाणी गाळण्याचे दुहेरी फडके, अंथरूण-पांघरूण, असे एकेक जमत जाते आणि सामानाची यादी दोन-तीन वेळा तपासली जाते. अकोल्याहून भुसावळ, तेथून जबलपूर-गयेमार्गे हावड्याकडे जाणारी मेल, पारसनाथ स्टेशनावर उतरून मधुबनपर्यंत मोटार, हा क्रमही घरातील शाळकरी मुलांनासुद्धा पाठ होतो. गुडघ्यांची तयारी मात्र शेवटपर्यंत राहून जाते.

पारसनाथचा पहाड झारखंडच्या गिरिडीह जिल्ह्यात आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १३६५ मीटर. झारखंडात याहून उंच शिखर नाही. केवळ आकडा पाहिला तर आपले कळसूबाई १६४६ मीटरचे, म्हणजे चांगलेच वरचढ. पण कळसूबाईवर गेलेला माणूस शिखरावर पोहोचला की त्याचे काम संपते. राहते ते परतणे. शिखरजीला वर पोहोचल्यावर काम सुरू होते. चोवीसांपैकी वीस तीर्थंकरांची ही निर्वाणभूमी. आदिनाथ कैलासावरून, वासुपूज्य चंपापुरीहून, नेमिनाथ गिरनारवरून आणि महावीर पावापुरीहून मोक्षाला गेले. उरलेले वीसही जण या एका पहाडावरून. त्यांच्या टोंका डोंगराच्या लांबलचक पाठीवर विखुरलेल्या आहेत. मधुबनापासून नऊ किलोमीटर चढ, वर टोंकांच्या वंदनेचे नऊ आणि उतरणीचे नऊ, असा २७ किलोमीटरांचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जात आहे. बार्शीटाकळीच्या माणसाला तो समजावून सांगायचा तर असे म्हणावे की, गावाहून अकोल्यापर्यंत पायी जावे, तेथे पोहोचल्यावर थांबू नये, आणखी सहा-सात किलोमीटर चालावे. आणि ही सारी वाट एका बाजूला उचलून धरलेली आहे असे समजावे.

बार्शीटाकळीहून पौषातल्या थंडीत अकरा जणांचा एक संघ निघाला, त्यात चौसष्ट वर्षांच्या एक बाई आणि त्यांची सून होती. बाईंचे आयुष्य किराणा दुकानाच्या मागच्या घरात गेलेले. पती हयात असताना दोघांचे शिखरजीला जाण्याचे चार वेळा ठरले आणि चारही वेळा काही ना काही निघाले. कधी मुलीचे लग्न, कधी सोयाबीनची आवक, शेवटी त्यांचे आजारपण. तेव्हा आता जायचे ते पायीच आणि सर्व टोंकांची वंदना करायची, एवढे त्यांनी मनाशी ठरवले होते. कोणाजवळ नियम घेतला नव्हता. घेतला असता तर कदाचित सोडवून घेता आला असता.

तयारी त्यांनी केली होती. दोन महिने त्या पहाटे उठून विद्रुपेच्या काठाने, जुन्या हेमाडपंती मंदिराकडून फेरी मारून येत. एकदा मुक्तागिरीला जाऊन पायऱ्या चढून आल्या आणि दम लागला नाही म्हणून समाधानाने परतल्या. गावातल्या डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळीची वेळ नेमून दिली. या सगळ्या तयारीत एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही, आणि ती बहुतेक यात्रेकरूंच्या ध्यानात येत नाही : त्यांनी श्वासाची परीक्षा घेतली, गुडघ्याची घेतली नाही. चढताना छाती बोलते. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला सगळा भार झेलावा लागतो, आणि पायरी उतरतेवेळी गुडघ्यावर येणारा भार शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक असतो. छातीचा दम पाच मिनिटे बसले की परत येतो. गुडघ्याचे तसे नाही.

मधुबनला पोहोचले त्या संध्याकाळी संघातील दोन वृद्धांसाठी डोली ठरवायची होती. सून हिशेबाला सोबत गेली आणि बाईही गेल्या. डोली म्हणजे एक मजबूत बांबू, त्याला दोरांनी टांगलेले लहानसे आसन, पुढे एक माणूस, मागे एक. भारी देहाच्या माणसाला खुर्ची लागते आणि खुर्चीला चौघे लागतात. दर ठरतो तो यात्रेकरूच्या वजनावर. त्याप्रमाणे ते दोघे वृद्ध काट्यावर उभे राहिले, आकडा वाचला गेला, दर सांगितला गेला. त्यांतील एका गृहस्थांनी अंगावरची शाल काढून सुनेच्या हातात दिली आणि मग काट्यावर पाय ठेवला. सगळे हसले, तेही हसले.

बाई हसल्या नाहीत. चाळीस वर्षे ज्यांनी डाळ-तांदूळ काट्यावर चढताना पाहिला होता, त्यांना माणूस काट्यावर चढलेला पाहवला नाही. सुनेने सहज विचारले, "आई, तुमच्यासाठीही सांगून ठेवू का? लागली तर लागली."

"मुंगी वाचवाले खाली पाहून चालाचं अन्‌ माणसाच्या खांद्यावर बसाचं? मले नाही जमत बाई ते," त्या म्हणाल्या.

सून पुढे काही बोलली नाही. आपल्या समाजात हा प्रश्न नवा नाही आणि त्याला दोन्हीकडून उत्तरे दिली जातात. शरीर साथ देत नाही त्याने डोलीने केलेली वंदना ही वंदनाच, भाव महत्त्वाचा, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो की स्वतःच्या पायांनी होईल तेवढीच करावी. दोन्ही पक्षांच्या बोलण्यात यात्रेकरूच्या पुण्याचा विचार बारकाईने केलेला असतो. बांबूखालच्या खांद्याचा उल्लेख क्वचितच येतो.

रात्री दीड वाजता धर्मशाळा जागी झाली. थंड पाण्याने स्नान करून, शुद्ध वस्त्रे नेसून, हातात काठी आणि बॅटरी घेऊन अडीचच्या सुमारास संघ निघाला. बाईंनी खाली येईपर्यंत अन्न न घेण्याचे ठरवले होते. पहाडावर खाऊ नये ही पुष्कळांची श्रद्धा आहे. उकळलेले पाणी आणि गोळी सुनेच्या पिशवीत होती, आणि पाणी प्यायचे यावर सून ठाम राहिली. हा वाद गावातच मिटला होता, हे बरे झाले.

इतक्या अपरात्री निघण्यामागे व्यवहार आहे. उन्हाआधी चढ संपावा आणि दिवसाउजेडी खाली पोहोचावे. मुनिमहाराज मात्र अंधारात पाऊल टाकत नाहीत. ईर्यासमितीत पुढची चार हात जमीन नीट पाहून चालायचे असते, आणि ते पाहणे सूर्यप्रकाशातले. श्रावकांनी बॅटरीच्या उजेडावर हा प्रश्न सोडवला आहे. तो उजेडही गमतीने चार हातांइतकाच पडतो. बाई त्या उजेडाच्या वर्तुळाकडे नजर लावून चालत राहिल्या. वाट किती उरली हे दिसत नव्हते, यामुळे त्यांचा पहिला टप्पा सोपा झाला असावा. वर पाहिले की झाडीतून हलत जाणाऱ्या दिव्यांची रांग दिसे आणि ती रांग आकाशात संपल्यासारखी वाटे. म्हणून त्यांनी वर पाहणे सोडून दिले. गंधर्व नाल्याजवळ पहिला विसावा झाला, शीतल नाल्याजवळ दुसरा. दर काही वेळाने मागून "बाजू, बाजू" असा आवाज येई आणि एखादी डोली धावल्यासारखी पुढे निघून जाई. डोलीवाले सावकाश चालत नाहीत. ओझे खांद्यावर असताना रेंगाळणे अधिक जड जाते. त्यांच्या पायांत साध्या रबरी चपला होत्या. बाई प्रत्येक वेळी कडेला होऊन उभ्या राहत आणि डोली दिसेनाशी होईपर्यंत पाहत.

उजाडताना त्या गौतम गणधरांच्या टोंकेवर पोहोचल्या. चढ संपला होता आणि त्या ताज्यातवान्या होत्या, हे त्यांच्या सुनेनेही मान्य केले. धुके खालच्या जंगलावर पसरले होते, वारा इतका होता की अर्घ्याचे तांदूळ तळहातावर ठरत नव्हते. शेजारीच कुंथुनाथांची टोंक. तेथून एकेका चरणचिन्हापाशी थांबत, अर्घ्य चढवत, णमोकार म्हणत सासू-सुना पुढे निघाल्या. या वरच्या नऊ किलोमीटरांबद्दल खाली कोणी नीट सांगत नाही. ते सपाट नाहीत. प्रत्येक टोंक आपापल्या उंचवट्यावर आहे आणि दोन टोंकांमध्ये उतरून पुन्हा चढावे लागते.

चंद्रप्रभूंची टोंक सर्वांत दूर, एका वेगळ्या सोंडेवर. तिकडे जाणारी वाट तीव्र उताराची आणि त्यानंतर तितक्याच चढाची, आणि परत येताना तोच प्रकार उलट. पुष्कळ थकलेले यात्रेकरू दुरूनच हात जोडतात. त्या उतारावर निम्म्यात बाईंचा उजवा गुडघा पहिल्यांदा दुखला. त्यांनी सांगितले नाही. सुनेच्या लक्षात आले ते काठी एका हातातून दुसऱ्या हातात गेली तेव्हा.

"काहून थांबले आई?"

"थांबली कुठी? पाहून राह्यली."

त्या चंद्रप्रभूंपर्यंत गेल्या आणि परतही आल्या. सासूने खोटे बोलावे आणि सुनेने ते ऐकून घ्यावे, एवढा सलोखा दोघींत होता. पुढच्या टोंकांवर बाई बसून उठेनाशा झाल्या, तेव्हा त्यांनी उभ्यानेच वंदना केली. पार्श्वनाथांच्या सुवर्णभद्र कूटावर पोहोचायला दुपारचे बारा वाजून गेले. शेवटच्या पायऱ्या त्या कठड्याला धरून, एका वेळी एकच पाय टाकत चढल्या. वर गाभाऱ्यात चरणांसमोर त्या बराच वेळ होत्या. त्यांनी पतीच्या नावाचे अर्घ्य चढवले. नंतर बाहेर येऊन कठड्याजवळ बसल्या आणि सुनेला म्हणाल्या, झाली.

झाली नव्हती. नऊ किलोमीटर उतार बाकी होता.

शिखर हा अर्धा रस्ता आहे, हे गिर्यारोहण करणारी तरुण मुले सुरुवातीलाच शिकतात. तीर्थयात्रेत ते शिकवले जात नाही, कारण भाव चढाशी जोडलेला असतो. शेवटच्या टोंकेचे दर्शन झाले की मन मोकळे होते, पाय ढिले पडतात, आणि अपघात, मुरगळणे, घसरणे हे नेमके त्यानंतर घडते. यात्रेचे नियोजन करणाऱ्या मंडळींनी हे पहिल्याच बैठकीत ठणकावून सांगितले पाहिजे. वर पोहोचण्याची वेळ सगळे विचारतात; खाली येण्याची कोणीच विचारत नाही.

दोन-अडीच किलोमीटर बाई उतरल्या. पहिल्या किलोमीटरला पाऊण तास लागला. त्या आडव्या उभ्या राहून, आधी काठी, मग डावा पाय, मग उजवा, अशा उतरत होत्या. संघातील बाकीचे पुढे गेले होते. एका वळणावर उजवा गुडघा वाकला तो सरळच होईना. त्या दगडावर बसल्या. दुपारचे तीन वाजत आले होते, पौषाचा दिवस लहान, आणि याच वेगाने उतरले तर अंधार पडल्यावरही मधुबन गाठता आले नसते. सुनेने हा हिशेब मनात केला. बोलून दाखवला नाही. सासूने तोच हिशेब केलेला होता.

वरून दोन डोलीवाले रिकामी डोली घेऊन येत होते. त्यांची सवारी वर पोहोचून नातेवाइकांबरोबर मुक्कामाला थांबली होती, असे काहीसे ते म्हणाले. एक पन्नाशीचा, दुसरा त्याचा पुतण्या, पंचविशीतला. दोघे पायथ्याच्या खेड्यातले. त्यांनी डोली खाली टेकवली आणि न विचारताच सावलीत बसले. घाई केली नाही. असे गुडघे ते रोज पाहतात.

बाईंनी त्यांना हिंदीत सांगितले की आम्हाला माणसाच्या खांद्यावर बसणे पाप वाटते. थोरला डोलीवाला काही वेळ काठीने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "सब माताजी ऐसा ही सोचेंगी, तो हम क्या खाएँगे?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. शेतीत चार महिन्यांचे धान्य निघते, बाकी हा पहाडच देतो, हेही त्याने सांगितले. त्याच्या लेखी हा पहाड मरांग बुरू, संथाळांचा थोर देव. जानेवारी २०२३ मध्ये शिखरजीच्या पर्यटनविषयक निर्णयावरून देशभर जैन समाज रस्त्यावर आला आणि ५ जानेवारीला केंद्र सरकारने तेथील पर्यटनाच्या हालचालींना स्थगिती दिली, तेव्हा या दुसऱ्या श्रद्धेचे नाव आपल्यापैकी अनेकांनी पहिल्यांदाच ऐकले होते. बाईंनी ते त्या दगडावर बसून ऐकले.

"तुमचा खांदा दुखत नाही?" त्यांनी विचारले.

धाकट्याने सदऱ्याची बाही सरकवून खांदा दाखवला. तेथे कातडी जाड होऊन काळी पडली होती, बैलाच्या मानेवर जू बसून पडते तशी. दुखतो, तो म्हणाला, सकाळी दुखतो. चालायला लागले की कळत नाही.

सून मराठीत हळूच म्हणाली, "आई, तुम्ही खाली नाही पोचल्या तर रातच्याला यायलेच बोलवा लागीन. मंग अंधारात उचलतीन तुमाले."

हे म्हणणे बाईंना पटले. डोलीत बसणे योग्य की अयोग्य हा वाद सुटला नव्हता, पण उजेडातील ओझे आणि अंधारातील ओझे यांतला फरक दुकानदाराच्या घरातील बाईला समजावून द्यावा लागला नाही.

मग दराचे बोलणे निघाले. पहाडाच्या मध्यावर काटा नव्हता. थोरल्याने बाईंकडे एक नजर टाकली आणि पंचावन्न किलोचा दर धरला. अंतर कमी उरले म्हणून त्यातही सूट सांगितली. सून पिशवीत पैसे चाचपू लागली. बाई म्हणाल्या, "बासठ." डोलीवाल्याला वाटले त्या भाव करीत आहेत. त्यांनी पुन्हा सांगितले की महिन्यापूर्वी दवाखान्यात वजन केले होते, बासष्ट भरले, आणि अंगावर लुगडे, शाल, स्वेटर आहे ते निराळे. हीनाधिकमानोन्मान, म्हणजे खोट्या मापाने देणे-घेणे, हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार. पर्युषणात तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायावर प्रवचन झाले की दरवर्षी तो ऐकायला मिळतो आणि व्यापारी मंडळी माना डोलावतात. स्वतःचे वजन मापात धरून त्याचा उपयोग केलेला मात्र फारसा ऐकिवात नाही. पुतण्या हसू लागला. थोरला हसला नाही. त्याने बासष्टचा दर सांगितला.

डोलीत बसल्यावर पहिल्या शंभर पावलांत बाईंनी डोळे मिटून घेतले होते. उतारावर पुढच्या माणसाची बाजू खाली जाते, सगळा भार त्याच्याकडे सरकतो आणि मागचा डोली मागे ओढून धरतो. आतल्या माणसाला आपण घसरत आहोत असे वाटते. पुढे थोरला होता. त्याच्या श्वासाचा आवाज त्यांना ऐकू येत होता. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि त्याच्या पायांकडे पाहू लागल्या. तो पाऊल टाकण्यापूर्वी दगड पाहत होता, सैल दगड टाळत होता, ओली जागा दिसली की एक लांब पाऊल घेत होता. चार हात पुढे पाहून चालणे त्याला कोणी शिकवले नव्हते.

जेथे वाट थोडी सपाट झाली तेथे त्यांनी डोली थांबवायला लावली, खाली उतरल्या आणि सुनेच्या खांद्याला धरून दोनशे-अडीचशे पावले चालल्या. पुढच्या सपाटीला पुन्हा तसेच केले. डोलीवाल्यांना ते सोयीचे होते असे नाही, कारण उतरवणे आणि पुन्हा उचलणे यातच त्यांची कंबर अधिक वाकते. तिसऱ्या वेळी थोरल्याने हात जोडून सांगितले, माताजी, आता बसूनच राहा. त्या बसून राहिल्या. सून मागून चालत होती. सकाळपासून तिच्या स्वतःच्या पायांत गोळे येत होते, हे तिने त्या दिवशी कोणाला सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

गंधर्व नाल्यापाशी परतणाऱ्या यात्रेकरूंना अल्पोपाहार मिळतो. सूर्य डोंगराआड गेला नव्हता, तेव्हा बाईंनी तेथे दिवसातला पहिला घास घेतला. डोलीवाले बांबू भिंतीला टेकवून दूर उकिडवे बसले होते. बाईंनी सुनेला पिशवीतून उरलेला चिवडा आणि चार दशम्या काढायला लावल्या आणि लंगडत स्वतः नेऊन दिल्या. वऱ्हाडची दशमी धाकट्याने उलटसुलट करून पाहिली, मग काकाच्या हातात दिली. तेथून मधुबन जवळच. बाईंना आता चालता आले असते की नाही, हे त्यांनी आजमावून पाहिले नाही. त्या आपण होऊन डोलीत बसल्या.

धर्मशाळेच्या फाटकाशी पैसे दिले गेले. ठरल्यापेक्षा वर काही द्यावे असे सुनेच्या मनात होते, बाईंनी ते आधीच वेगळे काढून पदराच्या गाठीत ठेवले होते. संघातील एक गृहस्थ तेथे उभे होते. त्यांनी सहज विचारले, काय काकू, शेवटी डोली केली ना? बाई म्हणाल्या, केली. आणि किती घेतले, या पुढच्या प्रश्नालाही त्यांनी अचूक आकडा सांगितला.

थोरला डोलीवाला दोर गुंडाळत होता. उद्या या दोघांना पाहडाची विश्रांती असेल का, असे बाईंनी विचारले. नाही, तो म्हणाला. पहाटे अडीचची सवारी संध्याकाळीच ठरली होती, नागपूरचे कोणी शेटजी होते, वजन अठ्ठ्याहत्तर.